कोचिंग: प्रश्न विचारा आणि थांबा

इथे कोचिंग म्हणजे शिकवणी नव्हे, तर सल्ला न देता प्रश्नांतून समोरच्याला स्वतःचा मार्ग शोधू देणारा संवाद. सत्र सुरू होताच समोरच्याला विचारा, "आज इथून उठताना हाती काय असायला हवं?" उत्तर धूसर असेल तर पुढे जाऊ नका, नाहीतर अख्खं सत्र भरकटतं.

एका वेळी एकच प्रश्न. विचारून झाल्यावर ५ ते १० सेकंद गप्प राहा. नवे कोच नेमके इथेच चुकतात: शांतता पेलवत नाही म्हणून दुसरा प्रश्न जोडतात आणि समोरच्याचा विचार अर्ध्यावर तुटतो. "का केलं नाही?" म्हटलं की माणूस सबबी सांगू लागतो, "कशामुळे अडलं?" म्हटलं की शोधू लागतो. "अमुक करून पाहिलंत का?" हा तर प्रश्नाच्या वेषातला सल्लाच.

पाऊल उचलायची त्यांची तयारी किती, ते १ ते १० मध्ये मोजायला सांगा. ४ म्हणाले, तर "२ ऐवजी ४ कशामुळे?" असं विचारा, जमेची बाजू त्यांच्याच तोंडून येते. पुढचं पाऊल, वार आणि वेळ त्यांनाच लिहू द्या.