सी भरली, डी रिकामी

वाशीच्या आत्याचा लॅपटॉप परवा ठाण्याला माझ्याकडे आला. सी ड्राइव्ह 100 जीबीची, लालेलाल. शेजारी 365 जीबीची डी जवळजवळ रिकामी. आत्या म्हणाली, "अगं, डिस्क 500ची घेतली होती, उरलेली गेली कुठे?" कुठेच गेली नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या. म्हणून 500चे 465 दिसतात.

डीची रिकामी जागा सीला द्यायची, तर आधी डीमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि दोन-चार फोटो तिथून उघडून बघा. ही पायरी मी कुणालाही गाळू देत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. चार्जर लावलेला असू द्या.

आता स्टार्ट बटणावर राइट क्लिक, मग डिस्क मॅनेजमेंट. डीवर राइट क्लिक करून डिलीट व्हॉल्यूम. ती जागा काळ्या पट्टीची, अनअलोकेटेड म्हणजे कुणालाच न दिलेली दिसेल. मग सीवर एक्स्टेंड व्हॉल्यूम.

डी नुसती श्रिंक, म्हणजे लहान करून भागत नाही, इथेच बहुतेक जण अडतात. श्रिंक केल्यावर मोकळी जागा डीच्या उजवीकडे पडते, आणि सीला हवी असते स्वतःला अगदी चिकटून उजवीकडची. मध्ये रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा तुकडा, असेल तरी एक्स्टेंड फिकट राहतं, निवडता येत नाही. ते पार्टिशन घाईत उडवू नका. अशा वेळी डी तशीच ठेवून डाउनलोड्स आणि फोटोंचे फोल्डर तिकडे हलवा.

आत्याच्या सीला 200 जीबी वाढवून दिले. उरलेल्या जागेत न्यू सिंपल व्हॉल्यूमने नवी डी केली, तिचे फोटो परत ठेवले.