पांढरा ठिपका दिसला की गाठ मोजू नका : उंदरांवरच्या फुप्फुस-कर्करोग अभ्यासातल्या चुका

वर्धा-यवतमाळकडे कोणी पोट्टं उंदरांवर फुप्फुसाच्या कर्करोगाचा विषय घेतं, तर पहिल्याच आठवड्यात विचारतं, "सर, तीन महिन्यांत गाठी येतील न?" राजेहो, आधी उंदीर कोणता ते तर सांगा. युरेथेन (फुप्फुसात गाठी आणणारं रसायन) द्यायचं असेल तर ए/जे ही उंदरांची जात घ्या. सी५७ब्लॅक/६ ही दुसरी जात सहज मिळते म्हणून तोच घेतला, तर एका इंजेक्शनाला तो सहसा दाद देत नाही. ए/जेला मात्र वय झालं की आपसूकही गाठी येतात. म्हणून नुसतं सलाइन दिलेला, त्याच वयाचा गट नसेल तर मुसळ केरात.

एथिक्स कमिटीची परवानगी आधी. यावर चर्चा नाही.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते कूलरवर. एका कॉलेजात मे महिन्यात एसी बंद पडला, तर एका विद्यार्थ्याने प्राणीगृहाच्या खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून टाकला. खोली थंड झाली, पण आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली. पिंजऱ्यातला भुसा ओला, अमोनियाचा वास दारातच नाकात जाई. पुढे त्याने फुप्फुसं काढली, वरूनच पांढरे ठिपके मोजले आणि आनंदाने आलेख घेऊन आला. सलाइनच्या गटातही ठिपके होते, तो गट "गाळून टाकू का?" म्हणे! स्लाइड करायला लावल्या. बरेचसे ठिपके म्हणजे श्वासनलिकांभोवती जमलेल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) आणि न्यूमोनिया. खऱ्या गाठी मोजक्याच. त्यात फुप्फुसं न फुगवता थेट फॉर्मलिनमध्ये टाकलेली, म्हणून वायुकोश चिकटून सगळंच घट्ट दिसत होतं.

माझी पद्धत अशी : श्वासनलिकेत कॅन्युला (बारीक नळी) घालून दोऱ्याने बांधायची, फॉर्मलिनची बाटली २० ते २५ सेंटिमीटर उंच टांगायची आणि द्रव आपल्या वजनाने उतरू द्यायचा. सिरिंजने दाबणाऱ्याला मी प्रयोगशाळेबाहेर काढतो. मग वेगवेगळ्या खोलीवरचे छेद घ्यायचे, गटांची नावं झाकायची आणि मोजायला दुसऱ्याला बसवायचं. उन्हाळ्यात दोन एसी आलटून-पालटून चालवायचे आणि आर्द्रतामापक दुपारी आपण स्वतः बघायचा, मदतनीस काकांवर सोडायचा नाही.

आरा मशीनवरचा फुकटचा भुसाही नको. त्यात पाइन किंवा देवदार असेल तर यकृतातली एंझाइम चाळवतात आणि दिलेल्या द्रव्याचं काय होतं तेच बदलतं. मक्याच्या कणसाचा भुसा घ्या.

अ‍ॅडेनोमा (साधी, न पसरणारी गाठ) दिसला की "कर्करोग झाला" असं लिहू नका. केरास जी१२डी उंदरात (यांच्यात केरास नावाच्या जनुकात मुद्दाम बदल केलेला असतो) अ‍ॅडेनोमापासून अ‍ॅडेनोकार्सिनोमाकडे, म्हणजे खऱ्या कर्करोगाकडे, जायला वेळ लागतो. पी५३ हे गाठ रोखणारं जनुकही काढलं तर ते लवकर होतं. युरेथेनच्या गाठीत केरासचा बदल बहुधा ६१व्या जागी असतो, केरास जी१२डी उंदरात १२व्या. दोघांचे आकडे एका तक्त्यात कोंबू नका. केरासचा हा बदल फुप्फुसात चालू करणारा क्रे विषाणू नाकात श्वासासोबत थेंब-थेंब सोडा, घाई केली तर पोटात जातो. आणि जीनोटायपिंग (कोणत्या उंदरात कोणतं जनुक आहे याची तपासणी) स्वतः करा, कारण पिंजरे धुताना चिठ्ठ्या बदलतात.