सायन्स एक्झिबिशनसाठी ॲक्सॉनच्या (चेतापेशीच्या लांब तंतूच्या) आतल्या सांगाड्याचं मॉडेल कसं बनवायचं

पहिले स्केल पकडा, नाहीतर मॉडेल नुसतं शोपीस होते. 5 नॅनोमीटर म्हणजे 1 मिलिमीटर धरा. मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे सांगाड्यातली पोकळ नळी, 25 नॅनोमीटर जाड, म्हणून 5 मिलिमीटरचा स्ट्रॉ बरोबर बसतो. न्यूरोफिलामेंट, म्हणजे त्यातलाच बारीक धागा, 10 नॅनोमीटरचं, त्याला 2 मिलिमीटरची सुतळी, नागपूरच्या इतवारी बाजारात मिळून जाईल.

आता ट्रान्सपरंट शीटची 20 सेंटिमीटर रुंद नळी करा (खरा ॲक्सॉन 1 मायक्रॉनचा झाला), आतून तारेच्या रिंगा लावा, ह्या ॲक्टिन नावाच्या प्रोटीनच्या, दोन रिंगांत साधारण 3.8 सेंटिमीटर अंतर, कारण खऱ्यात ते 190 नॅनोमीटरच्या आसपास असते, आणि मधात रबर आडवं नाही, लांबीच्या दिशेनं ताणून बांधा, ते स्पेक्ट्रिन नावाचं लवचीक प्रोटीन, हात-पाय वाकवताना नस ताणल्या जाते तेव्हा हेच झेलते. हे रिंगांचं प्रकरण 2013 ला दिसलं, म्हणून जुन्या पुस्तकात शोधत बसू नका.

स्ट्रॉ अख्खे लांब नका टाकू बे, तुकडे करून एकमेकांवर थोडे चढवा, सगळ्यांचं प्लस टोक (नळी जास्त वाढते ते) पेशीच्या मुख्य भागापासून दूर. मधे टाऊ प्रोटीनसाठी (हे मायक्रोट्यूब्यूलला धरून ठेवते) टाचण्या. सुतळ्या भरपूर कोंबा, ॲक्सॉनची जाडी मुख्य त्यांच्यावरच ठरते.

परीक्षक लांबी विचारतीलच. कमरेपासून पायापर्यंतचा मीटरभर ॲक्सॉन ह्या स्केलनं 200 किलोमीटर होईल, म्हणजे नागपुरातून निघालं तर अमरावतीच्याही पुढं.