लॉगच्या ओळीतून मासळी आणि किलो नेमके कसे उचलायचे

मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातल्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, अशी ओळ लिहितं, असं धरा:

04:10 मासळी="सुरमई" बर्फकिलो=60 किलो=240 शेरा="बारीक, वेगळी ठेवा"

मासळीचं नाव काढायला पटकन सुचतो तो रेगेक्स (मजकुरातून हवा तो भाग शोधणारा साचा) मासळी="(.*)". पण .* हावरट आहे. सुरमईपाशी न थांबता तो शेऱ्यातल्या शेवटच्या अवतरणचिन्हापर्यंत सगळं गिळतो. मासळी="([^"]*)" लिहा, म्हणजे पुढचं अवतरणचिन्ह येईपर्यंतचाच मजकूर. .*? नेही इथे भागतं, कारण तो कमीत कमी मजकूर घेतो, पण मला [^"]* बरा वाटतो. वाचताच हेतू कळतो.

किलो=([0-9]+) मध्ये वेगळी खोच आहे. उत्तर 60 येतं, म्हणजे बर्फाचं वजन! (?:^| )किलो=([0-9]+) असं बांधून घ्या, म्हणजे ‘किलो’च्या आधी ओळीची सुरुवात किंवा मोकळी जागाच चालेल. काट्याऐवजी माणूस देवनागरी आकडे भरत असेल, तर कंसात [0-9०-९]+ हवं.

आणि पायथॉनच्या नेहमीच्या रेगेक्स मोड्यूलमध्ये मराठी शब्दासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यूवर (\w, म्हणजे ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’) विसंबू नका. त्याच्या लेखी काना-मात्रा-उकार ही अक्षरंच नव्हेत. ‘सुरमई’तला उकार गळतो आणि ‘स’, ‘रमई’ असे तुकडे हाती येतात. जावास्क्रिप्टमध्ये तर देवनागरी अक्षर मुळीच जुळत नाही.

शेरा सगळ्याच ओळींत नसतो, म्हणून अख्ख्या ओळीला एकच लांबलचक पॅटर्न नको. प्रत्येक फील्डला स्वतंत्र द्या. न जुळलेल्या ओळी वेगळ्या फाइलीत टाका. नाहीतर एखाद्या होडीचा माल हिशोबातून गुपचूप गायब व्हायचा.