फुप्फुसाचं मॉडेल करताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात हे दृश्य हमखास दिसतं. कापलेली बाटली, आत दोन फुगे, खाली ताणलेलं रबर. मूल रबर खाली ओढतं, फुगे हलत नाहीत. परीक्षक समोर आलेले, म्हणून ते घाबरून स्ट्रॉमध्ये फुंकतं आणि सांगतं, ‘हवा आत आली की छाती फुगते.’

इथे सगळं उलटं झालं. आधी श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, मॉडेलमधलं रबर) आकुंचन पावून खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते. त्यामुळे आतला दाब किंचित कमी होतो आणि मगच हवा आत येते. स्वतःला फुगवतील असे स्नायू फुप्फुसाला नाहीत. फुंकून फुगवलेलं मॉडेल व्हेंटिलेटर दाखवतं, आपला श्वास नाही. परीक्षकांनी यावर गुण कापले तर ते बरोबरच आहे.

फुगे फुगत नाहीत ते बहुतेक वेळा गळतीमुळे. ती शोधायची वेळ बाटलीत बसवण्याआधीची. वाय-जोड (स्ट्रॉला दोन्ही फुगे जोडणारा Y आकाराचा भाग) आणि फुगे पाण्याच्या बादलीत बुडवून फुंका. जिथून बुडबुडे येतील तो सांधा पुन्हा बांधा. दोऱ्याने करकचून आवळू नका, स्ट्रॉ चेपून हवेची वाटच बंद होते. रबरबँडचे तीन-चार वेढे पुरतात. झाकणाच्या भोकाभोवती एम-सील लावलंत तर रात्रभर हात लावू नका. अर्ध्या तासात ओढून पाहणाऱ्यांचं सील हमखास सुटतं. शेवटी रबर खाली ओढून दहा अंक मोजा. फुगे तेवढा वेळ फुगलेले राहिले तर काम झालं. हळूहळू मिटले तर बाटलीत कुठून तरी हवा शिरतेय.

गळकी बाटली मात्र फेकू नका, चांगल्या मॉडेलशेजारी ठेवा. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये द्रवाचा फक्त पातळ थर असतो. जखमेतून तिथे हवा शिरली की फुप्फुस असंच मिटतं. मॉडेलमध्ये ही फट फार मोठी दिसते, हेही सांगायला हवं.

पाण्याची पातळ बाटली घेऊ नका. रबर ओढलं की तिच्या भिंतीच आत दबतात, जागा वाढतच नाही. सोड्याची एक-दोन लिटरची जाड बाटली घ्या. कापलेल्या कडेवर चिकटपट्टी लावा, नाहीतर रबर फाटतं. नवे फुगे आधी चार वेळा फुगवून सैल करा.

विश्रांतीत श्वासपटल घुमटासारखं वर उचललेलं असतं आणि आकुंचन पावलं की सपाट होतं. मॉडेलचं रबर सपाट असतं आणि ओढल्यावर खाली फुगतं. हा फरक कार्डावर लिहा.

दोन्ही फुप्फुसं सारखी काढू नका: उजव्याला तीन खंड, डाव्याला दोन.

‘श्वास सोडला की फुप्फुसं रिकामी होतात’ हेही चूक. पूर्ण जोर लावून सोडला तरी प्रौढ माणसात साधारण 1,200 मिलिलिटर हवा आत उरते.

आणि आपण ‘नुसता कार्बन डायऑक्साइड सोडतो’ असं लिहू नका. सोडलेल्या हवेत तो सुमारे 4 टक्के असतो, ऑक्सिजन तेव्हाही 16 टक्के. चुन्याच्या निवळीत फुंकून कार्बन डायऑक्साइड दाखवणार असाल तर निवळी दुधाळ झाली की थांबा. फुंकतच राहिलं तर ती पुन्हा स्वच्छ होते.