वीज आली, पण वेबसर्व्हर उठला नाही?
रावेर-यावलकडे केळीचे भाव दाखवणारं पान दुकानातल्याच पीसीवर, डॉकरमधल्या (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) एनजिनएक्स या वेबसर्व्हरवर चालवत असाल, तर वीज जाऊन आल्यावर पीसी सुरू केला तरी कंटेनर पडूनच राहतो. रीस्टार्ट पॉलिसी, म्हणजे कंटेनर आपोआप पुन्हा सुरू करायचा की नाही ही सेटिंग, मुळात ‘नो’ असते. ती ‘अनलेस-स्टॉप्ड’ (स्वतः थांबवला नसेल तर पुन्हा सुरू) करा. चालू कंटेनरलाही ‘डॉकर अपडेट’ या कमांडने लागू होते.

खरी गोम लॉगची, म्हणजे नोंदींच्या फाइलची. अधिकृत एनजिनएक्स इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) प्रत्येक भेटीची नोंद स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रॅमचा मजकूर जिथे बाहेर पडतो तिथे) टाकते, डॉकर ती जेसन फाइलमध्ये साठवत जातो. मर्यादा घातली नाही तर डिस्क गच्च! ‘मॅक्स-साइज’ (एका फाइलचा आकार) १० एमबी, ‘मॅक्स-फाइल’ (फाइलींची संख्या) ३ पुरे. ही मर्यादा मात्र जुन्या कंटेनरला लागू होत नाही. तो काढून नव्याने बनवावा लागतो. पानं कंटेनरच्या आतच असतील तर आधी पीसीवरच्या फोल्डरमध्ये काढून घ्या आणि नव्या कंटेनरला ते फोल्डर बाहेरून जोडा, नाहीतर जुन्या कंटेनरबरोबर तीही जातील.