प्रोपेलर शाफ्टची थरथर : लेथवर नेण्याआधीची तपासणी

रावेर-यावल भागात केळी वाहणाऱ्या पिकअप गाडीत ठरावीक वेगाला सीटखालून थरथर येऊ लागली, की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारी फिरती नळी) वाकला असे ठरवून तो थेट लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) नेला जातो. वस्तुतः शाफ्टचा सरळपणा सर्वांत शेवटी तपासायचा असतो.

पावसाळ्यात प्रथम शाफ्ट धुवावा. शिवारातल्या वाटांवरची काळी माती नळीच्या एका बाजूला चिकटून वाळते आणि तेवढ्या वजनानेही समतोल बिघडतो. धुतल्यावर नळीवर लहानसा आयताकृती डाग दिसला, तर तेथील बॅलन्सची पट्टी (समतोलासाठी नळीवर जोडलेला धातूचा तुकडा) गळून पडली असण्याची शक्यता असते.

त्यानंतर पारोळ्याकडच्या महामार्गासारख्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर थरथरीचा वेग कायम ठेवून गिअर बदलावा. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांनुसार बदलली तर दोष इंजिनाकडे असतो. वेगाशीच बांधलेली राहिली तर तो शाफ्टमध्ये, डिफरन्शियलमध्ये (शाफ्टचे फिरणे मागच्या चाकांना देणारी दातेरी चाकांची पेटी) किंवा चाकांत असतो. टायरचा घेर २.१ मीटर धरल्यास ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ८ फेरे घेते, तर ४.१ प्रमाणाच्या (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ फेरे) डिफरन्शियलमुळे शाफ्ट सुमारे ३२ फेरे घेतो. त्यामुळे स्टिअरिंग डुलत असेल तर चाके पाहावीत, आणि पायाखालच्या पत्र्यात बारीक, जलद कंप असेल तर शाफ्टकडे वळावे.

थांबलेली गाडी पुढे काढताना किंवा जोर देतानाच हादरे येत असतील, तर क्रॉस (शाफ्टच्या टोकाला वाकता ठेवणारा अधिक-चिन्हाच्या आकाराचा सांधा), सेंटर बेअरिंगचे (शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगचे) रबर आणि शाफ्टचा कोन तपासावा. क्रॉसच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसणे म्हणजे आतले ग्रीस संपले आहे. आपल्याकडे जास्त माल भरण्यासाठी मागचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवण्याची पद्धत आहे (ती मुळातच योग्य नव्हे). त्यामुळे मागचा भाग उंचावून शाफ्टचा कोन बदलतो. रिकाम्या गाडीत येणारी आणि माल भरल्यावर थांबणारी थरथर बहुधा याचीच असते, आणि तिच्यावर जास्तीचे पाटे काढणे हाच खरा इलाज होय.

एवढे करूनही दोष राहिला तरच शाफ्ट उतरवावा. शाफ्ट निघाल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवूनही थांबून राहत नाही, म्हणून चाकांना आधीच ठोकळे लावावेत. तसेच दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या टोकांच्या चकत्यांवर) आणि सरकत्या जोडावर (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या दातेरी जोडावर) पंचाने खुणा कराव्यात. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून हाताने हळूहळू फिरवावा आणि दोन्ही टोकांजवळ व मधोमध डायल गेज (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारे मापक) लावावा. गेजवरचा एकूण फरक प्रत्यक्ष बाकाच्या दुप्पट असतो. लहान गाड्यांत हा फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असावा, मात्र कंपनीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. किरकोळ बाक बॅलन्सिंगच्या कारखान्यात प्रेसवर काढता येतो. हातोड्याने ठोकून तो काढू नये, आणि नळीला पोचा पडला असेल तर नळीच बदलावी.

परत बसवताना खुणा जुळवाव्यात आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याचे) कान एका रेषेत आहेत का ते पाहावे, कारण सरकत्या जोडाचा एक दाता चुकला तरी नवी थरथर सुरू होते. सारे ठीक असूनही थोडा कंप उरल्यास, पिनियनकडचा (डिफरन्शियलच्या, शाफ्टने फिरणाऱ्या दातेरी चाकाकडचा) फ्लँज अर्धा फेरा फिरवून बसवावा आणि गाडी पुन्हा त्याच वेगाला चालवून पाहावी.